प्याचे की प्याचेवा?

बोलोन्या, रविवार

प्रिय शैले,

तुझ्या पत्राला आठ महिने झाले आणि मी उत्तर दिलं नाही, चुकलंच माझं. तब्येत बरी आहे, गुडघे कुरकुरतात, चालायचंच. आज लिहायला बसले कारण मंगळवारी वर्गात एक झालं, ते ह्यांना दोनदा सांगितलं तरी कळेना. तुला कळेल.

संध्याकाळी इटालियनच्या वर्गाला जाते, माहीत आहेच. इथल्या दीर्घ मुदतीच्या परवान्याला ए-टू पातळी लागते. सध्या धडा आवडीनिवडींचा आहे. 'के कोझा ती प्याचे फारे नेल तेंपो लीबेरो?' फावल्या वेळात काय करायला आवडतं? शैले, हा धडा आपल्यासाठीच केलाय गं! इंग्रजीवाले ह्या क्रियापदापाशी अडखळतात. आपल्याला काय, 'मी प्याचे' म्हणजे सरळ 'मला आवडतं'. (त्यांचं 'मी' म्हणजे आपलं 'मला', एवढंच ध्यानात ठेवायचं.) वस्तू अनेक असल्या की 'प्याच्चोनो', आवडतात. सिनेमा आवडला, गोष्ट आवडली, तसंच 'प्याचूतो' आणि 'प्याचूता'. नायजेरियाचा एक मुलगा गिटार 'खेळतो' म्हणाला, तर प्रोफनी थांबवलं. पत्ते, फुटबॉल 'जोकारे', वाद्य 'स्वोनारे'. खेळणं आणि वाजवणं! मिरजेत हे पाळण्यातच कळतं. पत्त्यांवरून आठवलं, खालच्या बारमध्ये आजोबा मंडळी 40 पत्त्यांत ब्रिस्कोला खेळतात. तू असतीस तर आठवड्यात सगळ्यांना लोळवलं असतंस, लबाडी करून.

तर माझी पाळी आली. उत्तर पाठ होतं, स्वयंपाक. पण तोंडातून निघालं, 'मी प्याचेवा कांतारे.' मला गायला आवडायचं. आवडायचं! प्रोफ म्हणाल्या, 'ए अदेस्सो?' आणि आता? काळ चुकला असं वाटलं असणार त्यांना. मला बोलताच येईना.

पाऊस होता. इथे छत्रीवाचून चालतं, शहरभर कमानींच्या वाटा, सगळ्या मिळून 62 किलोमीटर भरतात. त्यांच्याखालून 'प्याचे, प्याचेवा' घोकत घरी आले आणि तुझं ते वाक्य आठवलं. गाण्याच्या मध्यमा परीक्षेच्या निकालादिवशी, सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी. 'तुला गाणं आवडत नाही, तुला पहिलं येणं आवडतं.' दोन वर्षं बोलले नव्हते तुझ्याशी. तुझा नंबर हुकला नसता तर तू ते बोलली नसतीस, हे मी अजून म्हणते. पण खरं होतं का गं ते? मग उरुसात दर्ग्यातल्या चिंचेखाली रात्रभर गाणं ऐकत बसायचे, तिथे कुठला नंबर होता? पहाटेपर्यंत तू माझ्या खांद्यावर पेंगायचीस, मी टक्क जागी. गाण्याच्या बाईंच्या ओसरीवर तंबोरा जुळवताना पंचम नेमका लागला की अंगावर काटा यायचा, तेव्हा ऐकायला तरी कोण असायचं? अप्पा गेले त्या महिन्यात तार तुटली ती मी बसवलीच नाही. वेळ मिळत नाही, असं वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगितलं. आता तेंपो लीबेरो इतका आहे की सकाळी दहापासून चारपर्यंत घरात मी एकटी. एकदाही सा लावला नाही. भीती वाटते, शैले. लावला आणि काहीच झालं नाही तर?

चिन्मयची दहावी कशी गेली? सासूबाईंचा मोतीबिंदू काढला का? दोन्ही सविस्तर लिही. जिन्याचं काम एकदाचं संपलं असेल अशी आशा आहे.

तंबोरा तुझ्याच माळ्यावर आहे ना? गल्लीत नेऊन तारा बदलून घे, पैसे पाठवते. दिवाळीत आले की घेऊन जाईन. आणि मंगळवारच्या आत फोन करून एवढं सांग, त्या दिवशी रागाने बोललीस की तुला खरंच तसं वाटत होतं?

तुझी,
मंदा