फर्फीची टाकी आणि विहिरीजवळचं रान

शेपार्टन, व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

आधी मुद्द्याचं. मी इथं घर घेतलेलं नाही. तुम्हा दोघांना कायमचं इकडं आणायचंही काही ठरलेलं नाही. आणि विहिरीजवळचं रान विकायचा विचार माझ्या स्वप्नातसुद्धा आलेला नाही. तेव्हा "गुरुजी, गुंठ्याला काय भाव धरलाय?" म्हणत जे दोघे ओसरीवर येऊन बसले, त्यांना चहा पाजलात तेवढं पुरे झालं.

फोनवर तुम्ही विचारलंत, "खरं काय ते सांग, आमच्यापासून लपवू नकोस." बाबा, तुमचा आवाज जरा उतरलेला वाटला, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी आईला फक्त एवढंच विचारलं होतं की पासपोर्टची मुदत संपली का बघ, जमलं तर तीन महिने येऊन जा. आईनं ते काकूंना सांगितलं. काकू दळण घेऊन गिरणीवर गेल्या. तीन महिन्यांचे 'कायमचे' बहुतेक तिथंच झाले असावेत. मग गुरुजी कायमचे जाणार तर रान कोण बघणार, या हिशेबानं एसटी स्टँडापर्यंत पोचेतो सौदासुद्धा झाला! आई, तुझ्यावर राग नाही गं. कंडी अशीच पिकते.

आणि गंमत बघा, असल्या बातमीला या देशात जो शब्द आहे, तो मी राहते त्याच गावचा आहे. फर्फी. आमच्या वृद्धाश्रमात मध्यंतरी रात्रपाळ्या बंद होणार अशी आवई उठली होती. आम्ही नर्सबाया चिंतेत. तिथं एक आजोबा आहेत, जन्मभर पेअर आणि पीचच्या बागा केलेले. त्यांचं बीपी घेत होते तर म्हणाले, "फर्फी आहे ती, पोरी. मनावर घेऊ नकोस." मला वाटलं, एखाद्या भाजीपाल्याचं नाव असेल. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली आणि बीपीचा पट्टा तसाच दंडावर राहिला.

जॉन फर्फी नावाचा एक लोहार होता. आईबाप आयर्लंडहून आलेले, हा मात्र जन्मला इथंच, 1842 साली. 1873 मध्ये त्यानं शेपार्टनला येऊन भट्टी घातली. नांगर, कापणीची अवजारं असलं सगळं करायचा. त्या काळी शेतकरी लाकडी पिंपात पाणी भरून घसरगाडीवर घालून ओढत आणायचे. निम्मं वाटेतच सांडायचं. यानं 1880 च्या सुमारास लोखंडी पत्र्याची आडवी गोल टाकी केली, दोन्ही तोंडांना ओतीव लोखंडाची झाकणं बसवली आणि ती दोन चाकांवर चढवून घोड्याला जुंपली. एका खेपेला आठशे लिटरच्या आसपास पाणी. बघता बघता ती टाकी शेतोशेती गेली.

अशा जुन्या टाक्या इथल्या वाहनांच्या म्युझियममध्ये ठेवल्यात. मी मुद्दाम जाऊन बघितल्या. झाकणावर उठावाची अक्षरं आहेत, बोट फिरवलं तर वाचता येतील इतकी ठसठशीत. मोठ्या अक्षरांत फर्फी, खाली गावाचं नाव, आणि बाबा, त्याच्याखाली काय असेल? तुम्ही सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहायचात ते 'गुड, बेटर, बेस्ट'! त्याची चार ओळींची कविताच आहे: चांगल्याचं अधिक चांगलं आणि अधिक चांगल्याचं सर्वांत चांगलं होईपर्यंत थांबू नका. पाण्याच्या टाकीवर विशेषणाच्या तुलनेचा धडा! हा लोहार चर्चमध्ये प्रवचनंही द्यायचा, त्याचा हा परिणाम. पुढं त्याच्या घरच्यांनी झाकणावर शॉर्टहँडमध्ये आणखी एक मजकूर घातला. पाणी ही देवाची देणगी, बिअर-व्हिस्की ही सैतानाची करणी, या आणि पाणी प्या, अशा अर्थाचा. आज फर्फी याच नावाची बिअर बाजारात मिळते. जॉनरावांना कळलं तर भट्टीतला घण घेऊन धावतील.

आता अफवेशी याचा काय संबंध? 1914 साली पहिलं महायुद्ध लागलं आणि मेलबर्नच्या उत्तरेला ब्रॉडमेडोज इथं रंगरुटांची मोठी छावणी पडली. तिथं पाणी पुरवायला ह्याच टाक्या. गाडीवान एका तुकडीकडून दुसरीकडं जाणार, चार ठिकाणचं ऐकणार, चार ठिकाणी सांगणार. आणि पाणी भरायला जमलेली पोरं आपापसांत बोलणार ते वेगळंच. आई, टँकर आला की हंडे रांगेत लावून तुम्ही बाया काय बोलायचात, कुणाची सोयरीक जमली नि कुणाची मोडली, ते आठव म्हणजे झालं. टाकीवर नाव ठळक होतं, त्यामुळं 'फर्फीपाशी ऐकलं' याचंच नुसतं 'फर्फी' झालं. 1915 मध्ये लढाईसाठी तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला पोचलेल्या सैनिकांच्या तोंडी हा शब्द होता आणि तिथून तो देशभर झाला. (त्या डोंगरात पाण्याचे फार हाल होते. ते वर चढवायला आपल्या हिंदुस्थानातून नेलेली खेचरं होती आणि त्यांना हाकणारी आपलीच माणसं. इथल्या लोकांना हे सांगितलं की त्यांना नवल वाटतं.)

मला विचाराल तर सगळं खापर गाडीवानांवर फोडणं बरोबर नाही. त्या पोरांना कुणी काही सांगतच नव्हतं. आपण इंग्लंडला जाणार अशी समजूत करून घेऊन ती बोटीत बसली आणि उतरवली कुठं, तर इजिप्तमध्ये! अशा वेळी पाणीवाला सांगेल ते खरं वाटणार नाही तर काय होणार? जहाजावरचे खलाशीसुद्धा पिण्याच्या पाण्याच्या पिंपाभोवती असल्याच गप्पा मारायचे, आणि अमेरिकेत अफवेला जो एक शब्द आहे तो त्या पिंपावरूनच पडलाय.

अजून एक योगायोग सांगते, तो तर मला सगळ्यांत भारी वाटला. जॉनचा धाकटा भाऊ जोसेफ, दिवसा भावाच्या कारखान्यात काम करायचा आणि रात्री लिहायचा. त्याची कादंबरी 1903 मध्ये आली, आज ती इथल्या वाङ्मयातली मोठी मानतात. त्यानं टोपणनाव घेतलं टॉम कॉलिन्स. त्या काळी लोक कुठल्याही उडत्या बातमीचं बिल याच टॉम कॉलिन्सच्या नावावर फाडायचे. असा कुणी माणूस नव्हताच. म्हणजे या गड्यानं आपलं नाव लपवायला अफवेचं नाव घेतलं, आणि दहा-बारा वर्षांत त्याचं खरं आडनावच अफवा होऊन बसलं.

असो. आमच्या रात्रपाळ्या चालूच आहेत, ती खरोखरच फर्फी होती. आजोबा मात्र सध्या बरे नाहीत.

आपल्या घरचं तेवढं नीट ऐका. मी कायमची परत येणार की नाही, हे माझंच अजून ठरलेलं नाही. ठरेल तेव्हा पहिला फोन तुम्हाला येईल, मावशीला नाही, काकूंना नाही. मी बोलायचं टाळते म्हणून तुम्ही इकडून-तिकडून कळेल ते खरं धरता, हे मला समजतं. म्हणून यापुढं दर रविवारी, तुमची दुपारची जेवणं झाली की मी फोन करणार. पाळी असली तरी सुट्टीच्या अर्ध्या तासात करीन.

रानाचं म्हणाल तर यंदा ज्वारी करा, शेवग्याची चार झाडं विहिरीच्या कडेनं लावा. ते एजंट पुन्हा आले तर सांगा, मुलगी नाही म्हणते. तुम्हाला भीड पडत असेल तर मला व्हिडिओ कॉल लावा आणि फोन त्यांच्या हातात द्या.

आणि आईचा पासपोर्ट. त्याचं पहिलं आणि शेवटचं पान फोटो काढून पाठवा, मुदत मीच बघते. तुमचाही पाठवा. व्हिजिटर व्हिसाचा अर्ज भरायला इकडं ते लागेल. मार्चमध्ये आलात तर ऊन कमी असतं आणि पेअर झाडावर असतात. काकूंना सांगायचंच असेल तर सांग, आई. फक्त 'तीन महिने' हे दोनदा सांग.

तुमची,
मनी