नकाशा हिरवा, आदेश लाल : ड्रोन उडवायचा कोठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाजारात नव्याने आलेल्या आणि येऊ घातलेल्या कॅमेरा-ड्रोनविषयी आपल्या दैनिकात आलेला मजकूर वाचला. कोणाचा कॅमेरा किती मोठा, कोणाची बॅटरी किती मिनिटे टिकते, कोणाचे वजन किती, हे सारे त्यात होते. तो ड्रोन घरी आणल्यावर ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या माणसाने तो उडवायचा कोठे, एवढे मात्र त्यात नव्हते. त्या राहून गेलेल्या गोष्टीविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हे पत्र.

मी बेलापूरला राहतो. महाविद्यालयात राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात असताना बाल्साच्या लाकडाची विमाने चिकटवण्याची गोडी लागली, ती ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात नोकरीची सगळी वर्षे गेली तरी सुटली नाही. आता ती नातवाने उचलली आहे. त्याने मोटारी, पाती, नियंत्रणाचे बोर्ड असे सुटे भाग मागवून स्वतःचा ड्रोन बांधला. सांगाडा एका मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर बॅटरीसह वजन केले, ते 231 ग्रॅम भरले. सुटे भागच का, याचेही कारण आहे. 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोन परदेशातून आणण्यास केंद्र सरकारने बंदी घातली आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांच्यासाठीच तिला अपवाद आहे, सुट्या भागांवर मात्र अशी बंदी नाही. त्यामुळे ज्या नव्या परदेशी ड्रोनची वर्णने आपण चवीने वाचतो, ते हौशी माणसाला सरळ मार्गाने मिळायचे नाहीत, आणि तरीही लग्नाच्या वरातीवर, सोसायटीच्या गणपतीत आणि प्रचारफेऱ्यांवर ते सर्रास घिरट्या घालताना दिसतात. ते येतात कोठून, हे विचारण्याचे काम माझे नव्हे. पण आपल्या वार्ताहरांनी ते जरूर विचारावे.

केंद्राचे नियम वाईट आहेत, असे माझे म्हणणे नाही. 25 ऑगस्ट 2021 रोजी लागू झालेले ड्रोन नियम आधीच्या नियमावलीपेक्षा पुष्कळ सुटसुटीत आहेत. ड्रोनवर लादलेल्या वस्तूसह एकूण वजन 250 ग्रॅमपर्यंत असेल तर तो नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंत मायक्रो. नॅनोसाठी वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही, मायक्रो व्यवसायासाठी वापरायचा नसेल तर त्यालाही लागत नाही. तृतीय पक्षाचा विमा नॅनोला सक्तीचा नाही. केवळ शिक्षण, प्रयोग किंवा करमणुकीसाठी, डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरात उडवलेल्या 25 किलोपर्यंतच्या नमुना-विमानांना प्रकार-प्रमाणपत्राची, म्हणजे त्या बनावटीला मिळणाऱ्या सरकारमान्य दाखल्याचीही गरज नाही. एके काळी आपल्या 1934 च्या विमान कायद्याने ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येत पतंगसुद्धा घेतला होता, हे लक्षात घेतले तर ही सवलत किती मोठी आहे ते कळते. (संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवणाऱ्या आम्हा सर्वांना त्या काळी वैमानिकच म्हणायला हवे होते.)

या 250 ग्रॅमच्या रेषेवरच नव्या ड्रोनची सारी स्पर्धा चालली आहे आणि ग्राहकाची फसगतही तेथेच होते. सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या, डीजेआय या चिनी कंपनीच्या मिनी 5 प्रो ड्रोनचे वजन कंपनीने 249.9 ग्रॅम दिले आहे, पण त्यात चार ग्रॅम इकडे-तिकडे होऊ शकतात, हेही तिनेच सांगितले आहे. म्हणजे एकाच दुकानातून घेतलेल्या दोन नगांपैकी एक नॅनो आणि दुसरा मायक्रो ठरू शकतो. याच मालिकेतल्या आधीच्या काही ड्रोनना जास्त वेळ टिकणारी मोठी बॅटरी मिळते, ती बसवली की वजन 250 च्या वर जाते. पात्यांभोवतीचे संरक्षक कडे आणि संध्याकाळी दिसावा म्हणून लावलेला छोटा लुकलुकता दिवा यांचीही तीच गत. म्हणजे सुरक्षिततेसाठी काही जोडले की कायद्याच्या दृष्टीने ड्रोन अधिक धोकादायक वर्गात जातो, हा विरोधाभास आहे, पण नियम तसाच आहे आणि तो पाळायचा तर घरात काटा हवा. शिवाय 250 ग्रॅम म्हणजे काही पीस नव्हे. क्रिकेटचा सीझन बॉल साधारण 160 ग्रॅमचा असतो; त्याच्या दीडपट वजनाची, फिरत्या पात्यांची वस्तू डोक्यावर पडली तर काय होईल, हे मैदानावरच्या कोणत्याही मुलाला कळते.

दुसरी गोष्ट गॉगलची. ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर झालेला अँटीग्रॅव्हिटी ए1 हा 249 ग्रॅमचा ड्रोन चारही दिशांचे दृश्य एकाच वेळी टिपतो आणि उडवणारा डोळ्यांवर गॉगल चढवून ते पाहतो. अनुभव विलक्षण असेल यात शंका नाही, पण गॉगल चढवलेल्या माणसाचे डोळे आकाशात नसतात. शेजारी उभे राहून आकाशाकडे पाहणारा दुसरा माणूस नसेल तर अशा उड्डाणाला ‘डोळ्यांसमोरचे’ म्हणता येणार नाही. त्यातच डीजेआयने आधी युरोपात आणि जानेवारी 2025 पासून अमेरिकेत, विमानतळाजवळ ड्रोनला आपोआप अडवणारी व्यवस्था काढून तिच्या जागी नुसता इशारा ठेवला आहे. यंत्र अडवील या भरवशावर राहण्याचे दिवस सरत चालले आहेत. कोठे उडवायचे नाही हे उडवणाऱ्यालाच ठाऊक असायला हवे.

आणि ते ठाऊक करून घेणे आपल्या भागात किती अवघड आहे, हा माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा.

केंद्राच्या डिजिटल स्काय या व्यवस्थेत देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत विभागला आहे. हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट आहे. उड्डाणापूर्वी हा नकाशा पाहणे बंधनकारक आहे. नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून प्रत्यक्ष वाहतुकीसाठी सुरू झाला आणि आमचे बेलापूर, खारघर, उलवे, नेरूळ हे सारे त्याच्या अगदी कुशीत आले. जेथे आम्ही वर्षानुवर्षे बाल्साची विमाने सोडली, त्या मैदानावर आता काहीही उडवणे योग्य नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत खेळणे नको, हे सांगायला नियमसुद्धा लागू नये.

म्हणून नातवाने नकाशा पाहून, विमानतळापासून दूर, घणसोलीच्या बाजूचे एक रिकामे मैदान निवडले. नोंदणीचा सोपस्कार झाला होता. रविवारी सकाळी सात वाजता आम्ही दोघे पोहोचलो, दहा मिनिटेही झाली नसतील तोच बीटवरचे पोलीस आले. ते अत्यंत सौजन्याने बोलले, हे मुद्दाम नमूद करतो. ड्रोनला मनाई असल्याचा आदेश आहे, असे सांगून त्यांनी मोबाइलवर आलेले त्या आदेशाचे छायाचित्र दाखवले. छायाचित्र पहिल्या पानाचे होते. आदेश कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या हद्दीसाठी, ते बहुधा दुसऱ्या पानावर असावे. ते पान त्यांच्याकडे नव्हते, आमच्याकडे तर नव्हतेच. आमच्याकडचा नकाशा हिरवा होता. आम्ही ड्रोन पेटीत ठेवला आणि घरी आलो.

यात त्या पोलिसांचा दोष नाही आणि आमचाही नाही. दोन व्यवस्था एकमेकींशी बोलत नाहीत, हा दोष आहे. ड्रोन नियमांतच तात्पुरत्या लाल क्षेत्राची तरतूद आहे : राज्य सरकार किंवा पोलीस अधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी एखादा भाग एका वेळी 96 तासांपर्यंत लाल जाहीर करू शकतो, आणि ते त्याच डिजिटल व्यवस्थेतून करायचे आहे, म्हणजे नकाशा पाहणाऱ्याला ते तेथल्या तेथे दिसावे. प्रत्यक्षात शहरांतले मनाई आदेश निघतात ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली. असा आदेश दोन महिन्यांपर्यंत चालतो, संपला की पुन्हा निघू शकतो, आणि त्याचा रंग नकाशावर उमटत नाही. सण, मोठ्या सभा, सीमेवरचा तणाव अशा वेळी पोलिसांना हा अधिकार हवाच. मात्र ज्या नागरिकाला कायद्याने नकाशा पाहण्याची सक्ती केली आहे, त्याला त्याच नकाशावर हा आदेश दिसू नये, याला काय म्हणावे?

ठाणेकरांची अडचण थोडी वेगळी आहे. घोडबंदर रस्त्याच्या बाजूने पाहिले तर मुंबई आणि नवी मुंबई हे दोन्ही विमानतळ बरेच दूर आहेत, पण एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा येऊरचा डोंगर आणि त्यावर वायुदलाचे ठाणे, दुसऱ्या अंगाला खाडी. खाडीचा विषय निघाला म्हणून थोडे अधिक लिहितो, कारण हौशी मंडळी सर्वाधिक चुकतात ती येथे. ठाणे खाडीचे रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य 2015 पासून अधिसूचित आहे आणि 2022 मध्ये ते जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेले. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तेथे आणि सीवूड्सच्या पाणथळीवर रोहित उतरतात, आणि त्यांचा थवा उठताना वरून टिपावा असा मोह प्रत्येक नव्या ड्रोनधारकाला होतो. थवा उठतो तो आनंदाने नव्हे. चिखलात तासन्‌तास चरून साठवलेली शक्ती भीतीने उडण्यात खर्च होते. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय असे करणे हा तर वेगळा गुन्हा. बदला घ्यायचाच झाला तर तो घारी घेतात. नवी मुंबईच्या आकाशात ड्रोनवर झडप घालणारी घार मी दोनदा पाहिली आहे आणि दोन्ही वेळा माझी सहानुभूती घारीकडे होती.

आता मागणी. सिडको, दोन्ही महापालिका आणि दोन्ही पोलीस आयुक्तालयांनी मिळून ठाण्यात एक आणि नवी मुंबईत एक अशी दोन मैदाने निश्चित करावीत. ती विमानतळ, खाडी आणि संरक्षण आस्थापनांपासून दूर असावीत. जागा नकाशा समोर ठेवूनच ठरवावी. रविवारी सकाळी दोन तास, उंची शंभर फूट, फक्त नॅनो आणि छोटी नमुना-विमाने, एवढे पुरे आहे. मनाई आदेश लागू असेल त्या रविवारी मैदान बंद, आणि ते बंद असल्याचा मराठी फलक फाटकावर. शिवाय प्रत्येक मनाई आदेश, त्याची हद्द आणि अखेरची तारीख आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर एकाच ठिकाणी मराठीत मिळावी, आणि शक्य तेथे ती डिजिटल नकाशावरही चढावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही.

ही निकड आताच का, तर ड्रोन स्वस्त होत आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये वस्तू व सेवा कर सरसकट 5 टक्क्यांवर आला. त्याआधी अंगचा कॅमेरा असलेल्या ड्रोनवर 18 आणि वैयक्तिक वापराच्या ड्रोनवर 28 टक्के होता. त्याच महिन्यात केंद्राने नव्या नागरी ड्रोन कायद्याचा मसुदाही सूचनांसाठी खुला केला होता, आणि त्याचा कल नियम कडक करण्याकडे आहे. ड्रोन घेणारे वाढणार, नियम घट्ट होणार, आणि रीतसर उडवायला मात्र एकही जागा नाही, अशी स्थिती राहिली तर मुले गच्चीवरून उडवतील. गच्चीवरून उडालेला ड्रोन समोरच्या इमारतीच्या खिडकीत डोकावतो, आणि तेथून सोसायटीतली भांडणे सुरू होतात, हे आमच्या संकुलातल्या सूचनाफलकावर वाचायला मिळतेच.

मैदान मिळाले तर त्या दोन तासांसाठी फाटकाशी बसून प्रत्येक ड्रोनचे वजन करण्याचे आणि नोंदवहीत लिहून घेण्याचे काम मी करीन. काटा माझ्या घरचा आहे आणि एका ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवतो.

कळावे,
आपला एक वाचक,
बेलापूर, नवी मुंबई