काकू, तुमच्या साडेसातच्या पाटीबद्दल आभार

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

मे अखेरीला पाळणाघर बंद करतेय, असं तुम्ही सांगितलंत आणि आम्हा आजी-माजी आयांनी लगेच निरोप समारंभाचा घाट घातला. तुम्ही तो एका वाक्यात हाणून पाडलात. "शाल-श्रीफळ नको, शाली ठेवायला माझ्याकडे कपाट नाही." बरं. पत्राला काही कपाट लागत नाही, म्हणून हे पत्र. चार लोकांनी वाचावं असं उघडच लिहितेय. तुमचे आभार एरवी फार तर जिन्यात, चपला घालता घालता मानले जातात, आणि तेही "काकू, थँक्यू हं" एवढेच.

दर ८ मार्चला मला कुठे ना कुठे बोलायला बोलावतात. सीए आहे, फर्ममध्ये पार्टनर आहे, एक मुलगी आहे. कार्यक्रम ठरवणाऱ्यांना एवढं पुरतं. प्रश्नही ठरलेला: "घर आणि करिअर, कसं जमवता?" (माझा नवराही नोकरी करतो आणि त्यालाही तीच मुलगी आहे. त्याला हे अजून कोणी विचारलेलं नाही.) यावर वेळेचं नियोजन, पहाटे पाचला उठणं, सपोर्ट सिस्टीम असं काहीतरी बोलायची पद्धत आहे. खरं उत्तर डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, अर्ध्या लाकडी दरवाजाच्या आत आहे. त्या दरवाजावर एक पाटी आहे:

"मूल संध्याकाळी ७.३० पर्यंत न्यावे. उशिराचे कारण विचारले जाणार नाही, सांगू नये."

तुमचं माहेर लालबागचं, पण ही पाटी सदाशिव पेठेतही खपून गेली असती.

सई जानेवारी २०१७ मध्ये झाली. मी रजेवर गेले तेव्हा कायद्याने मिळणारी बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची होती. ती संपत आली, आणि १ एप्रिलपासून १९६१ च्या कायद्यातली दुरुस्ती लागू होऊन रजा २६ आठवड्यांची झाली. आधीच रजेवर असलेल्या बायकांनाही ती मिळाली, त्यामुळे माझं नशीब फळफळलं. त्याच दुरुस्तीत पाळणाघराचंही कलम होतं. ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे मालकाने पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं. आमच्या फोर्टमधल्या ऑफिसात माणसं वीस-बावीस. म्हणजे रजेच्या कलमात मी बसत होते, पाळणाघराच्या नाही. मुंबईतल्या बहुतेक सीए फर्म, वकिलांची ऑफिसं, दवाखाने, दुकानं याच मापाची असतात. रजा संपल्यावर मूल कुठे ठेवायचं, हे तिथल्या प्रत्येक आईला आपापलं बघावं लागतं.

रजा संपली नेमकी जुलैत. १ जुलैला जीएसटी लागू झाला होता. त्या दिवसांत आमच्या धंद्यातलं कोणी शांत झोपलं असेल असं वाटत नाही. क्लायंट रडकुंडीला आलेले, नियम रोज नवे, पोर्टल रोज बसलेलं. अशा वेळी सहा महिन्यांचं मूल काखेत मारून मी तुमच्या दारात उभी राहिले आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, "काकू, सीझनमध्ये कधी आठ, साडेआठ होतील. जास्तीचे पैसे देईन." तुम्ही सईला घेतलंत, तिच्या दुपट्याची गाठ सोडून नीट बांधलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "पैशांचा प्रश्न नाही गं. साडेसातनंतर मलाही घर आहे."

राग आला होता. खोटं कशाला बोलू? पण दुसरीकडे जागा नव्हती आणि तुमच्याइतकं स्वच्छ तर कुठेच नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमच्या सरांना सांगितलं की मी नऊला येईन आणि साडेपाचला निघेन; उरलेलं काम रात्री घरून करीन. "सीझन आहे" असं ते म्हणणार हे ठाऊक होतंच, तसं ते म्हणालेही. मी पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा ऐकवला. सर हसले. मूल रडतं, सासूबाई नाराज होतात, तब्येत बरी नाही, या सगळ्यावर ऑफिसात वाद घालता येतो. बंद होणाऱ्या दरवाजाशी कोण वाद घालणार? मला माझ्या जोरावर ते "नाही" कधीच म्हणता आलं नसतं. ते तुम्ही माझ्यासाठी म्हणून ठेवलं होतंत आणि मी पुढची कितीतरी वर्षं ते वापरलं.

इतर आया मुलांना सांभाळल्याबद्दल तुमचे आभार मानतील. मीही मानते. तुमची ती दोनशे पानी वही मी जपून ठेवली आहे: "१२.४० मऊ भात, मेतकूट, संपवला. १.१५ झोप. शी एकदा. दुपारी पंख्याकडे बघून हसली." प्रत्येक डब्याला वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा, सईचा पोपटी. हे सगळं आहेच. पण मी सगळ्यात मोठं देणं लागते ते तुम्ही काय केलं नाहीत त्याचं.

उदाहरणार्थ, तुम्ही मला फोन केला नाहीत. सईला पहिल्यांदा ताप आला तेव्हा तुम्ही सरळ ह्यांना फोन केलात. मी घरी पोचले तर बापलेक डॉक्टरांकडे जाऊन आलेले, कपाळावर ओली पट्टी, ओट्यावर खिमट शिजतंय. मी तुम्हाला विचारलं, मला का नाही कळवलंत? तुम्ही म्हणालात, "अगं, तू फोर्टात. हे ठाण्यात. ठाण्याहून येणारा आधी पोचणार की नाही?" इतका साधा भूगोल! पण शाळा, दवाखाना, सोसायटी, नातेवाईक, सगळ्यांचा फोन आजही आधी आईलाच जातो, मग ती कुठे का असेना. तुमच्या फॉर्मवर "प्रथम कोणास कळवावे" अशी ओळ होती. तिथे मी सवयीने माझं नाव घातलं होतं. ते तुम्ही पेनाने खोडून खाली "बाबा" लिहिलंत आणि मंगळवार-गुरुवार न्यायला त्यांनीच यायचं असं ठरवूनही टाकलंत. आम्हाला विचारलं नाहीत. ह्यांनी थोडी कुरकुर केली, पण तुमच्यासमोर नाही. तुमच्यासमोर कोणाची हिंमत? महिन्याभरात ह्यांना सईच्या टोपड्यांचे साइझ माझ्यापेक्षा जास्त पाठ झाले. आमच्या घरात कामाची जी काही वाटणी झाली आहे, तिची सुरुवात त्या खोडाखोडीपासून झाली.

आणि रविवार. सप्टेंबरअखेरचं टॅक्स ऑडिट डोक्यावर आलं की आमच्याकडे रविवार उरत नाही. "फक्त एक रविवार, काकू," असं मी एकदा म्हणून बघितलं. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा घरच्या गोष्टी सांगितल्यात. वडील लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. आई वाइंडिंगमध्ये, सूत गुंडाळायच्या खात्यात. तुम्ही स्वतः गिरणीच्या पाळणाघरात वाढलेल्या. ८२ च्या संपात घर बसलं, आईने खानावळीचे डबे केले, मग सगळे डोंबिवलीला आलात. "आमचे वडील सांगायचे, रविवार काही आकाशातून पडला नाही. लोखंड्यांनी तो मागून घेतलाय. तो मी कोणाच्या ऑडिटसाठी सोडू?" नारायण मेघाजी लोखंडे हे नाव मी शाळेत वाचलं असेन, पण ते कोणी असं उच्चारताना ऐकलं नव्हतं. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, कामगारांच्या सह्यांचे अर्ज केले, सभा घेतल्या आणि १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज शनिवार-रविवार लॅपटॉप उघडून बसणाऱ्या आमच्यासारख्यांना ही तारीख माहीत नसते. तुमच्या घरी ती घरातल्या माणसाच्या वाढदिवसासारखी लक्षात होती.

तो रविवार सईला ह्यांनी सांभाळलं. ऑडिट वेळेत झालं. कोणाचंही काही अडलं नाही.

तुमचा नियम मोडल्याचं मला एकदाच आठवतं. २९ ऑगस्ट २०१७, मंगळवार. जीएसटीचं पहिलं रिटर्न कसंबसं गणेश चतुर्थीच्या आसपास भरून झालं होतं आणि त्या दिवशी पाऊस कोसळला. सांताक्रूझला २४ तासांत ३३१ मिलिमीटर. रुळांवर पाणी, लोकल बंद. हे कामाला नाशिकला. मी ऑफिसच्या खिडकीत उभी, रस्त्यावर लोक कमरेएवढ्या पाण्यातून चाललेले. त्या दिवशी तुमच्याकडे गौरी यायच्या होत्या. फोन लावताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. तुम्ही म्हणालात, "निघू नकोस. तिथेच राहा, काहीतरी खाऊन घे. पोरगी इथेच झोपेल." रात्री नऊच्या सुमाराला फोटो आला. दारापासून आतपर्यंत उमटवलेली गौरीची कुंकवाची पावलं, पाटावर शेपूची भाजी आणि भाकरीचा नैवेद्य, आणि शेजारी गोधडीवर माझी लेक, एका मुठीत तुमच्या पदराचं टोक. पदर तसाच ठेवून तुम्ही फोटो कसा काढलात देव जाणे. काकांनी काढला असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचले आणि आभार मानायला तोंड उघडलं, तर तुम्ही: "काल पावसाने नियम मोडला, तू नाही. आजपासून साडेसात."

या सगळ्याची किंमत मला द्यावी लागली नाही असं नाही. माझ्यानंतर आलेला एक मुलगा, हुशार आणि रात्री अकरापर्यंत थांबणारा, माझ्या आधी पार्टनर झाला. मला आणखी थांबावं लागलं. त्याचं वाईट वाटायचं, आता फारसं वाटत नाही. ८ मार्चच्या भाषणात हे मी सांगते, तेव्हा आयोजकांचे चेहरे जरा पडतात. त्यांना सगळं मिळालेली बाई हवी असते.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि तुमचा अर्धा दरवाजा बंद झाला. सव्वातीन वर्षांची सई, दोन लॅपटॉप आणि आम्ही, असे दीड खोलीत. रात्री दहाला मीटिंग लावण्यात कोणाला काही वाटेनासं झालं, कारण "घरीच तर आहात". तेव्हा कळलं की साडेसातची पाटी आमच्या आयुष्यातून काढली तर काय उरतं. मी फी पाठवत राहिले. तुम्ही थोडे दिवस घेतलीत आणि मग "मूल नाही तर फी नाही" म्हणून परत करायला लागलात. दुपारी तीनला मात्र तुमचा फोन यायचा, गोष्ट सांगायला. त्या वेळात माझी दिवसातली एकमेव धड मीटिंग व्हायची.

एक गोष्ट मला टोचते, ती इथेच लिहून टाकते. तुमचं इन्कम टॅक्सचं रिटर्न मी भरते, त्यामुळे पाळणाघर तुम्हाला काय देतं ते मला माहीत आहे. आकडा सांगणार नाही, तो तुमचा. पण इतकी वर्षं दहा-बारा घरांच्या नोकऱ्या, बढत्या, फ्लॅटचे हप्ते तुमच्या त्या खोलीवर चालले आणि तुम्हाला ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी, ना भरपगारी रजा. आजारी पडलात तर आम्हीच आधी हवालदिल व्हायचो, तेही स्वतःच्या काळजीने. आमच्या सगळ्यांच्या संसाराचा हिशेब जुळला. तुमचा जुळवायला कुठलाच कायदा आला नाही. तो तुम्ही स्वतःपुरता एका पाटीने जुळवलात: साडेसातला दार बंद, काका चहा टाकणार, तुम्ही पाय वर घेऊन बसणार, आणि बाहेर कितीही मोठा मॅनेजर उभा असला तरी तो खाली रिक्षा शोधणार.

आता पाटी उतरवाल तेव्हा ती मला द्या. ऑफिसात माझ्या केबिनच्या दारावर लावायची आहे. फर्ममध्ये आता तीन लहान मुलांच्या आया आहेत आणि दोन बाबा. सर निवृत्त झालेत, म्हणजे हसून सोडून द्यायचं काम आता माझ्याकडे आलंय. "मूल" हा शब्द मी खोडणार नाही.

आणि हो, यंदाचं रिटर्नही मीच भरणार आहे. बँकेचं स्टेटमेंट आणि एफडीच्या व्याजाचं सर्टिफिकेट तेवढं काढून ठेवा. सई आणि तिचे बाबा शनिवारी येऊन घेऊन जातील. रविवारी नाही.

काकांना नमस्कार.

तुमची,
सईची आई