ताई, त्या दिवशी तुम्ही मला गप्प बसवलंत

प्रिय ताई,

ऑफिसात सगळे तुम्हाला नावाने हाक मारायचे, मी मात्र पहिल्या दिवसापासून ताईच म्हणत आलो. हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण तुमचं, म्हणजे यूएक्स डिझायनरचं काम वापरणाऱ्याला ॲप किंवा वेबसाइट सोपी जावी हे बघण्याचं; पण ते म्हणजे स्क्रीन रंगवणं, असं अजूनही पुष्कळ जण समजतात. मीही तेच समजायचो.

माझा तो नोंदणीचा फॉर्म आठवतो? कोड चोख होता, सगळ्या टेस्ट पास होत्या. तरी तुम्ही तो वापरून बघायला पाच जणांना बोलावलंत. पाचच का, असं विचारल्यावर वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांचा हिशोब सांगितलात. मोठ्या अडचणी बहुतेक पाच जणांतच उघड्या पडतात. त्या दुरुस्त करायच्या आणि पुन्हा नवे पाच बोलवायचे.

पहिल्या आलेल्या बाई साठीच्या असतील. "मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. परीक्षा फॉर्मची आहे, तुमची नाही," तुम्ही त्यांना म्हणालात. जन्मतारखेपाशी त्यांचं बोट थबकलं. मग त्या कॅलेंडर एकेक महिना मागे सरकवू लागल्या. मागे, आणखी मागे. मी "वर्षावर दाबा" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही टेबलाखालून माझा हात दाबलात. दोन मिनिटांनी त्या म्हणाल्या, "मलाच जमत नाही हो, माफ करा." चूक माझी होती आणि माफी त्या मागत होत्या. ते अजून टोचतं.

तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. वहीत दोन रकाने होते : बाई काय म्हणाल्या, आणि आपल्याला काय वाटलं. दुसरा रकाना त्या दिवशी तुम्ही कोराच ठेवलात. मग कागदावर पेन्सिलीने तीन चौकटी काढल्या, दिवस, महिना, वर्ष. चूक झाल्यावर दिसणारं 'अवैध नोंद' खोडून 'वर्ष चार आकड्यांत लिहा, जसं १९६०' असं केलंत. माझी फिकट राखाडी अक्षरंही गडद केलीत; नेहमीच्या आकाराच्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ हवा, हे मला तेव्हा कळलं.

आणि ती मीटिंग! संमतीच्या चौकटीत आधीच टिक ठेवा, आकडे वाढतील, असा आग्रह झाला. "मग हो त्यांनी म्हटलेलं नसेल, आपण त्यांच्या वतीने म्हटलेलं असेल," एवढंच तुम्ही शांतपणे म्हणालात आणि मागे हटला नाहीत. या कामाला एवढी हिंमत लागते, हे मला कुठल्याही कोर्सने शिकवलं नव्हतं.

त्या बाईंना तुम्ही पुन्हा बोलावलं होतंत, हे मला नंतर समजलं. रेकॉर्डिंग पाहिलं. त्यांनी तीन चौकटी भरल्या आणि काही न बोलता पुढच्या प्रश्नावर गेल्या. तेवढा तुकडा मी तीनदा पाहिला.

मनापासून आभार, ताई.

तुमचा,
शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रॅमर