गृहमंत्र्यांना खुले पत्र: रोस्तोवच्या तपासातून आपण काय घ्यायचं?

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: बेपत्ता व्यक्तींच्या नोंदी आणि बेवारस मृतदेह यांची राज्यभर जुळणी करून ती जाहीर करण्याबाबत

महोदय,

हे पत्र महाराष्ट्राबद्दल आहे, पण सुरुवात सोव्हिएत संघातल्या रोस्तोव प्रांतातल्या साखळी खुनांच्या तपासापासून करावी लागतेय. आपल्या पोलीस ठाण्यांतल्या मिसिंग रजिस्टरबद्दल मला जे सांगायचंय, ते त्या तपासाइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

२२ डिसेंबर १९७८. रोस्तोव प्रांतातलं शाख्ती हे कोळशाच्या खाणींचं गाव. नऊ वर्षांची एक मुलगी शाळेतून घरी आलीच नाही. दोन दिवसांनी तिचा मृतदेह नदीत मिळाला. जवळच्याच एका घरासमोर, कुंपणापाशी बर्फात रक्ताचे डाग होते. ते घर आंद्रेई चिकातिलो नावाच्या शिक्षकाचं. बस थांब्यावर मुलीशी बोलणाऱ्या माणसाचं वर्णन एका बाईने दिलं होतं, तेही त्याच्याशी जुळत होतं. तरी पोलिसांनी उचललं अलेक्सांद्र क्रावचेन्को या तरुणाला, कारण पूर्वीच्या एका खुनात त्याला शिक्षा झालेली होती. मारझोड करून कबुली घेतली. १९८३ साली त्याला देहदंड दिला गेला आणि पुढे कित्येक वर्षांनी, मेल्यानंतर, तो निर्दोष ठरला. प्रकरण 'उघडकीस' आलं होतं, कागद पूर्ण झाले होते आणि खरा खुनी मोकळा होता.

याच चिकातिलोबद्दल आधीच्या एका शाळेत विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या होत्या. शाळेने त्याला गुपचूप नोकरी सोडायला लावली, पोलिसांपर्यंत काही जाऊ दिलं नाही. शाळेचं नाव राखलं आणि माणूस पुढच्या शाळेत गेला.

१९८३ मध्ये व्हिक्टर बुराकोव या न्यायवैद्यक तज्ज्ञाकडे तपासाची सूत्रं आली. मिखाईल फेतिसोव या पोलीस अधिकाऱ्याने त्यांची निवड केली होती. मोहिमेचं नाव होतं 'लेसोपोलोसा'. शेतांना वाऱ्यापासून आडोसा म्हणून लावलेल्या झाडांच्या लांबच लांब पट्ट्यांना तिथे असं म्हणतात. रेल्वे रुळांलगतच्या अशाच पट्ट्यांत मृतदेह मिळत होते. मुलं, घरातून पळालेल्या मुली, ठावठिकाणा नसलेल्या बाया. कित्येकांना शोधायलाही कुणी आलं नव्हतं.

खून एकाच माणसाचे आहेत हे बुराकोव यांना दिसत होतं, पण ते मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. असे खुनी भांडवलशाही समाजात निपजतात, समाजवादी देशात नाही, ही अधिकृत भूमिका. मग वर्तमानपत्रांत जवळपास काहीच येत नसे. स्टेशनवर अनोळखी माणसाने बोलावलं तर जाऊ नकोस, एवढं साधं वाक्य आईबापांनी मुलांना सांगावं म्हणून सरकारने वर्षानुवर्षं एक इशारा दिला नाही. बातमीची जागा अफवांनी घेतली. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त चीड याच गोष्टीची येते. पुरावा चुकू शकतो, प्रयोगशाळा चुकू शकते, पण लोकांना सावध न करणं हा जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता.

आणि प्रयोगशाळा चुकलीही. सप्टेंबर १९८४ मध्ये रोस्तोवच्या बसस्थानकावर मुली-बायकांच्या मागे मागे फिरणारा माणूस म्हणून चिकातिलोला पकडलं होतं. पिशवीत चाकू होता, दोरी होती. पण त्याचा रक्तगट ए निघाला आणि घटनास्थळांवरच्या नमुन्यांचा गट एबी नोंदलेला होता. म्हणून खुनांच्या संशयातून तो सुटला. जुन्या नोकरीतल्या एका चोरीसाठी थोडे महिने आत राहिला आणि डिसेंबरमध्ये बाहेर आला. त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं तो मोकळा होता आणि खून करत होता. दरम्यान पोलिसांनी मतिमंद तरुणांकडून कबुल्या वदवून घेतल्या होत्या, समलिंगी पुरुषांना चौकशीच्या नावाखाली छळलं होतं. त्यातल्या काहींनी आत्महत्या केल्या. १९८६ मध्ये बुराकोव स्वतः कोलमडले, त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. बरे होऊन ते पुन्हा त्याच फायलींपाशी आले.

महोदय, शेवटी तो सापडला कसा, हे नीट बघण्यासारखं आहे. १९९०च्या शरद ऋतूत बुराकोव यांनी मोठ्या स्टेशनांवर गणवेशातले पोलीस दिसतील असे उभे केले, म्हणजे खुनी आडबाजूच्या छोट्या स्टेशनांकडे वळेल. तिथे साध्या वेशातली माणसं ठेवली. ६ नोव्हेंबरला दोनलेसखोज या छोट्या स्टेशनवर इगोर रिबाकोव या पोलिसाला जंगलातून येणारा एक माणूस दिसला. तो विहिरीपाशी थांबला, हात-तोंड धुतलं. कोटावर गवत-मातीचे डाग, गालावर लालसर ओघळ. अटक करावी असं काही हातात नव्हतं. रिबाकोवने कागदपत्रं तपासली, नाव टिपलं आणि अहवाल दिला. आठवड्याभराने त्याच भागात मृतदेह सापडला. अहवाल काढून बघितले, तर त्यात एक नाव होतं जे १९८४च्या फायलीतही होतं. दोन कागद एकमेकांशेजारी ठेवले गेले आणि २० नोव्हेंबरला चिकातिलो अटकेत होता. पुढे तो बोलला तेही डॉ. अलेक्सांद्र बुखानोव्स्की या मानसोपचारतज्ज्ञासमोर. बुराकोव यांच्या विनंतीवरून त्यांनी अज्ञात खुन्याचं ६५ पानी मनोविश्लेषण आधीच लिहून ठेवलं होतं, तेच त्यांनी त्याला वाचून दाखवलं. १९९२ मध्ये ५२ खून सिद्ध झाले, फेब्रुवारी १९९४ मध्ये त्याला देहदंड दिला गेला.

आपल्याकडचं बघू या. मुंबईच्या पूर्व उपनगरांत १९६५-६६ मध्ये झोपड्यांत आणि उघड्यावर झोपलेल्या गोरगरिबांवर हल्ले झाले. हे हल्ले करणारा रमण राघव तेव्हाच पोलिसांच्या हाती लागला होता आणि पुराव्याअभावी सुटला होता. १९६८ मध्ये हल्ले पुन्हा सुरू झाले. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या होत्या. वर्तमानपत्रं उघड लिहीत होती, वस्त्यांमधले लोक रात्री काठ्या घेऊन गस्त घालत होते. आणि गुन्हे शाखेत रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखा अधिकारी होता, ज्याने जुन्या नोंदी बाहेर काढायला लावल्या. उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी ऑगस्टमध्ये त्याला रस्त्यावर ओळखलं ते याच माहितीच्या जोरावर. मुंबई पोलिसांचा हा वारसा आहे. त्याचा अभिमान बाळगायचा तर तो रोजच्या कामात दिसायला हवा.

तो नेहमी दिसला नाही. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींनी १९९० ते १९९६ या काळात वेगवेगळ्या शहरांतून लहान मुलं पळवली आणि त्यातली काही मारली. ज्यांची मुलं गेली ती बहुतेक गरिबाघरची, गर्दीच्या ठिकाणाहून उचललेली. सहा वर्षं हे चाललं. एका जिल्ह्यात हरवलेलं मूल दुसऱ्या जिल्ह्यातल्या मृतदेहाशी जोडून बघणारी कायमची यंत्रणा तेव्हा नव्हती.

आज संगणक आहे, पोलीस ठाण्यांच्या नोंदी एकमेकांशी जोडणारी सीसीटीएनएस ही प्रणाली आहे. हरवलेल्या मुलांबाबत अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा आदेश आहे. पण सज्ञान बाई हरवली तर? ठाणे अंमलदार मिसिंग दाखल करून घेतो आणि 'येईल परत, नातेवाइकांकडे बघा' म्हणून बापाला वाटेला लावतो. सांगाडा मिळाला तर अकस्मात मृत्यूची नोंद होते, तीही भलत्याच हद्दीत. दोन्ही रजिस्टरं खरी असतात, दोन्ही पूर्ण भरलेली असतात. ती एकत्र वाचण्याची जबाबदारी मात्र कुणा एका अधिकाऱ्याच्या नावावर नसते. असेल, तर लोकांना ते नाव कळू द्या.

गुन्हे वाढलेले दिसले की विधिमंडळात विरोधक ओरडतात, वाहिन्यांवर चर्चा होते आणि जिल्ह्याच्या अधीक्षकाला जाब विचारला जातो, हे मला माहीत आहे. म्हणून तर नोंदच न करण्याचा मोह खालपर्यंत झिरपतो. हा मोह तुम्हीच मोडू शकता, कारण आकडा वाढला म्हणून कुणाची बदली होणार नाही हे सांगण्याचा अधिकार तुमचा आहे. तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, महत्त्वाच्या पदांवरच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षं हलवू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २००६ सालीच सांगून झालंय. गणपतीच्या बंदोबस्तात अडकलेल्या तपासी अंमलदाराकडून फायली जुळवून बघण्याची अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करायची?

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक परिक्षेत्रात एका अधिकाऱ्याकडे फक्त हेच काम द्या: बेपत्ता स्त्रिया आणि मुलं एका बाजूला, अनोळखी मृतदेह दुसऱ्या बाजूला, डीएनएसकट जुळणी. किती नोंदी जुळल्या आणि किती तशाच पडून आहेत, ते दर महिन्याला प्रसिद्ध करा. नावं झाकून ठेवायला हरकत नाही. आणि एकाच हाताने अनेक खून झाल्याचा रास्त संशय असेल, तर त्या भागातल्या लोकांना ते सरकारकडून आणि लगेच कळलं पाहिजे. तपासाला बाधा येईल तेवढा भाग राखून ठेवा, पण इशारा राखून ठेवू नका.

पावसाळी अधिवेशनाच्या आधी याचा शासन निर्णय निघावा आणि पहिली जुळणी कोणत्या महिन्यात प्रसिद्ध होणार ते कळवावं, ही विनंती.

आपली,
एक नागरिक, कोल्हापूर