टबात किती तेल, ते टबावर लिहा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

थिएटरमधल्या पॉपकॉर्नच्या टबावर सिनेमाचे चित्र छापलेले असते. आत तेल किती, मीठ किती, हे बहुतेक ठिकाणी छापलेले नसते. ते छापणे सक्तीचे करावे, यासाठी हे पत्र.

मक्याला दोष देण्याचे कारण नाही. नुसत्या गरम हवेवर फुललेल्या १०० ग्रॅम लाह्यांत साधारण ३८७ उष्मांक, १३ ग्रॅम प्रथिने, १४ ग्रॅमच्या वर तंतुमय भाग आणि जेमतेम साडेचार ग्रॅम फॅट असते. सोडियम नावापुरते. कोंड्यासकट पोटात जाणारे हे अख्खे धान्य आहे. बिघडते ते केटलमध्ये, म्हणजे थिएटरच्या यंत्रातल्या लाह्या फोडायच्या भांड्यात.

तिथला सर्रास हिशोब तीनास एक : २४० ग्रॅम मक्याला ८० ग्रॅम तेल. फुलताना दाण्यातली ओल वाफ होऊन उडते, तेल मात्र लाह्यांतच मुरते. एका घाण्यात सुमारे १५०० उष्मांक होतात आणि त्यांतले जवळपास निम्मे एकट्या तेलाचे. मग तेल कोणते, हा प्रश्न येतो. खोबरेल असेल तर त्या ८० ग्रॅममध्ये ६६ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट (जास्त झाल्यास हृदयाला अपायकारक ठरणारी संपृक्त चरबी), पाम असेल तर ४० च्या आसपास, सूर्यफूल असेल तर आठ-नऊ. घाण्याचे तीन टब भरले, तर खोबरेलाच्या प्रत्येक टबात २२ ग्रॅम आले. सॅच्युरेटेड फॅटसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण उष्मांकांच्या १० टक्के आहे. २००० उष्मांकांच्या आहारात ती दिवसाला साधारण तेवढीच भरते. सिनेमाच्या मध्यंतरातच दिवसाचा वाटा संपतो, तोही वरून 'बटर' सोडण्याआधी.

खोबरेल विक्रेत्याच्या सोयीचे आहे, हे मान्य. ते लवकर खवट होत नाही आणि २४-२५ अंशांखाली थिजते, त्यामुळे गार झालेली लाही बोटांना फारशी तेलकट लागत नाही. पण ओलेइक आम्ल (एक असंपृक्त मेदाम्ल) जास्त असलेले सूर्यफूल तेलही केटलची उष्णता सोसते. अमेरिकेत १९९४ मध्ये एका ग्राहक संस्थेने थिएटरांतल्या पॉपकॉर्नचे आकडे जाहीर केले, तेव्हा अनेक साखळ्यांनी तेल बदलले. २००९ मध्ये त्याच संस्थेला बड्या साखळ्यांत पुन्हा खोबरेलच सापडले. म्हणून आम्हाला आवाहन नको, नियम हवा. तिथे २०१८ पासून वीस किंवा अधिक शाखांच्या साखळ्यांना फलकावर उष्मांक लिहावे लागतात. तेलाचे नाव आणि मीठ मात्र फलकावर सक्तीचे नाही. आपला नियम तेवढ्यावर थांबू नये.

मीठ दाण्यांबरोबरच केटलमध्ये पडते आणि ते पिठासारखे बारीक असते, कारण जाड खडा लाहीला न चिकटता तळाशी जातो. सपाट चमचा सहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे टबाला दोन ग्रॅम. दिवसाची मर्यादा पाच. चमचा शिगोशीग भरला, की हिशोब हुकला. चमच्याऐवजी वजनाने मोजलेली पुडी सक्तीची केली, तर एवढा एक घोटाळा तरी मिटेल.

पंपातून सोडले जाणारे 'बटर' अनेकदा लोणी नसतेच. ते वास आणि रंग घातलेले तेल असते. एका टेबलस्पूनला १२० उष्मांक. लोणी नसेल तिथे बटर हा शब्द वापरू देऊ नये, आणि पंपाच्या एका दाबाला किती ग्रॅम पडते ते पंपावरच लिहावे.

आकडे १०० ग्रॅममागे नकोत, भरलेल्या टबामागे हवेत. हातात टब असतो, तराजू नसतो. तपासणीतली एक चूक आधीच टाळावी. वरच्या मूठभर लाह्या नमुना म्हणून घेतल्या, तर मीठ कमी निघते, कारण सुटलेले मीठ तळाशी बसलेले असते. निरीक्षकाने गिऱ्हाइकाला देतात तसाच भरलेला टब घ्यावा, रिकाम्या टबाचे वजन वजा करावे आणि तळाच्या चुऱ्यासकट सगळे एकत्र दळून मगच प्रयोगशाळेत पाठवावे. असे दहा टब, वेगवेगळ्या दिवशी, गर्दीच्या खेळालासुद्धा.

आपले,
अन्नतंत्र व आहारशास्त्र क्षेत्रात काम करणारे काहीजण