सिस्टरांविषयी, ताईस

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला एवढंच सांगता आलं की सिस्टर गेल्या. रेंज होती तेवढा वेळ आपण दोघी रडलो, बोलणं राहूनच गेलं. परीक्षा सोडून येऊ नकोस असं मी म्हटलं, कारण त्यांनीही तेच म्हटलं असतं. काल दहावा झाला. आता घर शांत आहे, म्हणून लिहायला बसले.

तुला त्या शेजारच्या आजी म्हणून ठाऊक. त्यांच्या ओट्यावर तू अभ्यास केलास, त्यांच्याच हातचं वरईचं भात-आमटी खाल्लंस. पण तुझ्या जन्माआधीच्या सिस्टर तू पाहिल्या नाहीस, आणि मला जे मिळालं ते त्या सिस्टरांकडून मिळालं.

मी लग्न होऊन या वाडीत आले तेव्हा आपल्या घराला लागून आरोग्य उपकेंद्र होतं, सिस्टर तिथल्या नर्स, आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत त्या राहायच्या. त्यांचं माहेर संगमनेरकडचं, कोरड्या मुलखातलं. अकोले तालुक्याच्या या डोंगराळ डांगाणात पाऊस लागला की चार महिने कपडे वाळत नाहीत, भाताच्या आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखल. इथे नेमणूक झालेला माणूस पहिल्या दिवसापासून बदलीचा अर्ज लिहायला घेतो. सिस्टरांनी तो कधी लिहिला नाही. निवृत्त झाल्यावरही इथेच, आपल्या पलीकडच्या खोलीत भाड्याने राहिल्या.

२००५ नंतर आशा योजना आली, म्हणजे गावातलीच एक बाई आरोग्याच्या कामाला घ्यायची. आठवी पास सून हवी होती आणि वाडीत तशी मी एकटीच. तुझी आजी तेव्हा मला घराबाहेर एकटी पाठवायची नाही. सिस्टर येऊन चुलीपाशी बसल्या आणि आजीला तिच्याच बाळंतपणांबद्दल विचारत राहिल्या. आजीची दोन मुलं जन्मल्यावर आठवडाभरातच गेली होती. दूध ओढायचं थांबलं, जबडा घट्ट मिटला, अंग ताठ झालं. आजी म्हणायची सटवाईने नेली. सिस्टर तिला सटवाई खोटी आहे असं बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्याला धनुर्वात म्हणतात. कापलेल्या नाळेतून जातो. आईला गरोदरपणात इंजेक्शन दिलं आणि नाळ स्वच्छ पात्यानं कापली तर होत नाही. हे घरोघर सांगायला मला तुमची सून पाहिजे." दुसऱ्या दिवशी आजीनेच माझी चांगली साडी काढून ठेवली.

त्यांची शिकवायची रीत मी पुढे कुणातच पाहिली नाही. बाकीचे आपल्याला काय करायचं ते सांगतात. सिस्टर का करायचं ते सांगायच्या, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. लसीकरणाच्या दिवशी लसीच्या डब्यात ठेवायचे बर्फाचे पॅक त्या फ्रीजरमधून काढून तशाच बाहेर ठेवायच्या. मला वाटायचं वेळ चाललाय. मग एक पॅक माझ्या कानाशी धरून हलवायच्या: "आत पाणी वाजतंय का? वाजलं की भर." डब्यात २ ते ८ अंश हवं. अगदी कडक गोठलेला पॅक लगेच घातला तर त्याला टेकलेली त्रिगुणीची, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लसीची, बाटली गोठते, आणि एकदा गोठलेली ती लस नंतर वितळली तरी कामाची राहत नाही. दिसायला मात्र चांगली दिसते, म्हणून आणखी वाईट. पोलिओच्या बाटलीवरचं वर्तुळ आणि आतला चौकोनही त्यांनीच दाखवला. चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद.

लस टोचणं आशाचं काम नाही. ते मी म्हटलंही. त्या म्हणाल्या, "तुझं काम नाही, पण तुला कळलं पाहिजे. उद्या मी नसेन तर वाडीत कुणाला तरी कळलेलं असू दे." ताई, ज्ञान मुठीत धरून बसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आपल्याला येतं ते दुसऱ्याला आलं तर आपली किंमत उतरेल अशी त्यांना धास्ती असते. सिस्टरांना ती भीती ठाऊकच नव्हती. मी एखादी गोष्ट त्यांच्याआधी ओळखली तर त्यांचा चेहरा फुलायचा.

पाचवीचं तर तुला सांगायलाच हवं. आपल्याकडे बाळाच्या पाचव्या दिवशी सटवाईची पूजा, पाट्यावर कोरा कागद आणि लेखणी. सिस्टर नारळ घेऊन हजर असायच्या, हळदी-कुंकू घ्यायच्या, बाळंतिणीच्या उशाशी बसायच्या आणि बाळाला मांडीवर घेऊन हळूच दुपटं सोडून नाळ बघायच्या. लाल झालीय का, वास येतोय का, कुणी राख नाहीतर शेण लावलंय का. हाताच्या पाठीने आधी पोट, मग तळपाय. पोट ऊबदार आणि पाय गार असतील तर बाळाला गारठा लागलाय, लगेच आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधायचं. हे सगळं गप्पा मारता मारता व्हायचं. घरात कुणाला तपासणी झाली असं वाटायचंसुद्धा नाही. पुढे आम्हा आशांना तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरभेटी ठरवून दिल्या. प्रशिक्षणात त्या शिकवल्या तेव्हा मला काही नवं वाटलं नाही. मी ते सिस्टरांच्या मागे बसून आधीच पाहिलं होतं. धोक्याच्या खुणाही: मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, दूध न ओढणं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलेलं त्यांना चालायचं नाही. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत नसतो, हे त्याचं कारण.

वाडीतली म्हातारी सुईण आधी त्यांच्याशी बोलायची नाही. सरकारी बाई आपलं पोट मारायला आली असं तिला वाटलं होतं. सिस्टर तिच्या घरी गेल्या आणि आडव्या मुलाचं पोट हाताला कसं लागतं ते त्यांनी तिच्याकडून समजून घेतलं. मग साबण, नवं पातं, उकळलेला दोरा तिच्या हातात दिला. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, आणि नाळेला काही लावायचं नाही. सुईणीला हे बोटांवर पाठ होतं. पुढे अडलेली बाई दिसली की तीच आधी उपकेंद्राचं दार वाजवायची. मला वाटतं सिस्टरांचं सगळ्यात मोठं काम हेच, पण त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

त्या रागीट होत्या, हेही खरं. पहिलं पिवळं दूध पिळून टाकलेलं कळलं की आवाज पार ओढ्यापर्यंत जायचा. पण ज्या घरात रागवायच्या तिथे संध्याकाळी पुन्हा जायच्या, बाळंतिणीसाठी काहीतरी घेऊन.

माझ्या दहावीचं तुला माहीत आहे, पण त्यामागचं नाही. बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म त्यांनीच आणला, फीही त्यांनीच भरली. रात्री कंदील लावून विज्ञान शिकवलं. मी पैसे परत द्यायला गेले तेव्हा म्हणाल्या, राहू दे, दुसऱ्या कुणाच्या फॉर्मला लागतील. लागलेही. वरच्या वाडीतल्या दोघींनी त्यानंतर परीक्षा दिली. एसटीच्या भाड्यापासून राजूरला दवाखान्यात राहणाऱ्यांच्या खर्चापर्यंत त्यांची पेन्शन कुठेकुठे जायची याचा हिशेब त्यांच्याकडेही नव्हता. काल दहाव्याला एक बाबा पैशांची पुडी घेऊन आले, म्हणाले बाईंचे देणं आहे. सिस्टरांच्या भाच्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

पोलिओ संपवायची त्यांना फार ओढ होती. १९९५ पासूनची प्रत्येक फेरी त्यांनी पायी केली, दारावर खडूने खूण, पोरांच्या डाव्या करंगळीला शाई. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला सापडला, बंगालमध्ये. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं तेव्हा सिस्टर निवृत्त होत्या. राजूरहून पेढे आणून त्यांनी घरोघर वाटले, आणि विशेषतः त्या घरांत जिथली दारं एके काळी त्यांच्या तोंडावर बंद झाली होती. तू तेव्हा लहान होतीस, दोन पेढे खाल्लेस.

कोरोनाच्या वेळचं तुला आठवतंच. मार्च २०२१ मध्ये साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली आणि वाडीत कुणी तयार होईना. लस घेतली की माणूस मरतो म्हणायचे. मी समजावून थकले. सिस्टरांनी सगळ्यांसमोर पहिली लस घेतली आणि शाळेच्या ओट्यावर खुर्ची टाकून दिवसभर बसून राहिल्या. म्हणाल्या, मला काय होतं ते बघा, जेवायला मी इथेच आहे. दुपारपर्यंत म्हाताऱ्या एकेक करून आल्या. रात्री त्यांना ताप चढला, तोही त्यांनी लपवला नाही. ताप येतो, उतरतो, गोळी घ्या, असं सकाळी सगळ्यांना सांगितलं.

शेवटी फार त्रास झाला नाही. आदल्या संध्याकाळी धाप लागत होती, तरी मला नव्या सिस्टरबद्दल विचारत होत्या. ती मुलगी तुझ्याच वयाची आहे. वरच्या वाड्यांची वाट तिला अजून माहीत नाही, पावसात कुठला ओढा अडवतो तेही नाही. मी तिला घेऊन फिरते आहे.

परीक्षा झाली की ये. सिस्टरांची नर्सिंगची जुनी पुस्तकं आणि हाताने लिहिलेल्या वह्या तुला द्यायच्या असं त्यांनी भाच्याला सांगून ठेवलं होतं. ओझं बरंच आहे, मोठी पिशवी आण. आणि नवजात बाळांबद्दल तुम्हाला कॉलेजात जे नवं शिकवलं असेल त्याची वही बरोबर घे. शेजारच्या दोन वाड्यांतल्या आशाताईंना मी त्या रविवारी आपल्याकडे बोलावलं आहे. तू सांग, आम्ही बसून ऐकतो.

जेवण वेळेवर कर.

तुझी,
आई